किशोरच्या लग्नाची फाइल

(अमरावतीत आकांक्षाचं कॉम्प्युटरचं दुकान. संत्र्याचे बागाईतदार जानराव शेंदूरजनाघाटाहून पेनड्राइव्ह घेऊन आलेत.)

आकांक्षा : काका, या फाइलचं नाव कोणी बदलवलं? आधी पीडीएफ, मंग फोटो!

जानराव : जावयानं. नावामागचं शेपूट ‘डॅट’ होतं. उघडेच ना, मंग त्यानं दुसरे लावून पाहिले.

आकांक्षा : नाव बदलवल्यानं आतला माल बदलते का?

जानराव : थे मी त्याले म्हटलं. संत्र्याच्या कलमाले कोणतीबी चिठ्ठी बांधा, मी पान चुरगाळून वासच घेतो.

आकांक्षा : तसाच वास घेऊ. डॅटमध्ये काहीही असू शकते. पण ही साडेसहाशे एमबीची आहे. सीडीवरून उतरवली का?

जानराव : हो. लहान्या भावाच्या, किशोरच्या लग्नाची. अकोल्याले झालं, चोवीस वर्सं झाली.

आकांक्षा : मंग व्हिडिओच आहे. जुन्या सीडीत असाच राहायचा. पुन्हा डॅट करते अन् प्लेअरमध्ये टाकते. एवढ्या वर्सांनी काहून पण?

जानराव : रविवारी त्याच्या पोरीचं, पायलचं लग्न आहे. जावं का नाई, ते यावर आहे. त्या दिवशी मी रुसून मांडवाबाहेर बसलो. मोठा भाऊ उपाशी, अन् हा सासरच्यांसंगं जेवला. एका शब्दानं बोलावलं नाई. तवापासून त्याच्या अकोल्याच्या घराचा उंबरा चढलो नाई मी. माही बायको गोदा म्हणते, बोलावलं असंन. म्हटलं, सीडीच पाहू.

आकांक्षा : लागली पाहा! हा फेटेवाला नवरदेव?

जानराव : तोच. पंगत बसून राहिली. आवाज वाढव.

आकांक्षा : सगळे म्हणून राहिले, घास घे. तो म्हणते, “भाऊ आल्याबिगर नाई.”

जानराव : …पुढं?

आकांक्षा : ताटावरून उठला. बाहेर निघाला, कॅमेरा मागंमागं. इथं तर कोणीच नाई, काका.

जानराव : तो कडूलिंब दिसते ना, त्याच्याखाली बसलो होतो मी.

आकांक्षा : त्याच्याखाली तर रिकामं आहे.

जानराव : दहाच मिनिटं बसलो, मंग येष्टी धरली. घरी मात्र सांगितलं, तासभर वाट पाहिली म्हणून. सांगून सांगून मलेच खरं वाटाले लागलं. चुकलं माह्यं, पोरी.

आकांक्षा : अजून हाका मारून राहिला तो. बंद करू?

जानराव : नको, मारू दे. तू फक्त सांग, अकोल्याची गाडी कितीले आहे?