भरतीची रेघ

दुपारपर्यंत माझं मौन असतं. मोजणी कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. त्यांचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

"वहिनी, सख्ख्या जावेविरुद्ध अर्ज करताय?"

"वन्सं, वाटणीत समुद्राकडचं घर तिला गेलं, मी चकार शब्द काढला? मागच्या घरातून तिच्या वाळत घातलेल्या चादरी बघत वीस वर्षं काढली. पण किनाऱ्याच्या वाटेवर तिने फाटक लावून कुलूप घातलं, तेव्हा माझं डोकं फिरलं."

"अहो, समुद्राने तिचं अख्खं अंगण खाल्लं. लाटा पायरीला लागतात आता."

"तेच तर! साहेब म्हणाले, भरतीचं पाणी पोचतं तिथवरची जागा सगळ्यांची. म्हणजे पायरीही सगळ्यांची. तेवढी रेघ कागदावर मारून घेते."

"आणि उद्या समुद्राने पायरीच नेली तर?"

"म्हणून तर घाई करतेय!"

"पण पायरीचं करणार काय?"

"बसणार. रोज संध्याकाळी, पाण्यात पाय सोडून. तिला तसं बसलेली बघून बघून माझे डोळे दुखले."

"मग त्या बिचारीने कुठे बसायचं?"

"बसेल की माझ्या शेजारी. मी काही तिच्यासारखं फाटक लावणार नाही."