खोली तयार आहे

(तेरेखोल. हॉटेलचं ऑफिस, दुपार.)

दत्तप्रसाद : ते काही नाही, सेजल. कमलबाईंचे सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचे अधिकार आत्ता काढून घे. सॉफ्टवेअर तू सांभाळ, त्या खोल्या सांभाळतील.

सेजल : सर, त्या समोरच बसल्यात. त्यांनाच सांगा.

कमल : सांगा मगे, मॅनेजरसायब.

दत्तप्रसाद : काल लग्नाची मंडळी पोर्चमध्ये ताटकळली, कमलबाई. खोल्या झाडून-पुसून लख्ख, आणि काउंटरवर प्रज्योतच्या स्क्रीनवर एकही 'तयार' दिसेना! तुम्ही तो 'गीझर तपासला'चा रकाना घातलात म्हणून.

कमल : घातला. आणि तो भरल्याशिवाय खोली 'तयार' दिसायची नाही, असंही केलं. कित्याक तें विचारा.

दत्तप्रसाद : कित्याक? का घातलात?

कमल : मागच्या आठवड्यात त्या म्हाताऱ्या पाहुणीला न्हाणीत शॉक बसला. गीझर बिघडलाय हे मी तोंडी सांगितलं होतं. पण स्क्रीनवर खोली रिकामी दिसली, प्रज्योतनं दिली. त्याची काय चूक? डॉक्टर येईपर्यंत तिचा हात धरून मी बसले होते, सायबा.

सेजल : हा रकाना आपण सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे कधीपासून मागतोय. 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणतात. म्हणून मी कमलताईंना बदल करायची सोय उघडून दिली.

दत्तप्रसाद : आणि कालचा गोंधळ?

कमल : आधी तयार झालेल्या खोल्याही त्यात अडकल्या. तेवढं सुटलं माझ्याकडून.

सेजल : करून बघायला जागाच नव्हती, सर. आता आहे. सगळ्या सॉफ्टवेअरची एक सरावाची प्रत केलीय. ताई बदल तिथं करतील, प्रज्योत तिथंच खोल्या देऊन बघेल, मग मी तो काउंटरवर चालू करीन. तरी अडलं, तर एका बटणात पहिल्यासारखं.

दत्तप्रसाद : आणि मी अधिकार काढलेच तर?

कमल : तर मी परत तोंडी सांगेन.

दत्तप्रसाद : राहू देत अधिकार. पण काउंटरवर चालू करण्याआधी मला कळवायचं.

सेजल : कळवीन.

दत्तप्रसाद : बरं, ऐक ना. सकाळी माझ्या स्क्रीनवर ढीगभर माहिती येते. मला फक्त फेरीबोटीसाठी नदीपलीकडे कोण पाहुणे खोळंबलेत तेवढंच वर हवं. करून देशील?

सेजल : कमलताईंना विचारा.

कमल : करून नाही देणार. खुर्ची ओढा, दाखवते.