बॉसी

(रुग्णालयातली नर्सेसची कपडे बदलायची खोली. सकाळची पाळी संपली आहे. दोघी सख्ख्या बहिणी, दोघीही एकाच वॉर्डात नर्स.)

ताई : पण नेमका कुठला शब्द वापरला मॅट्रननी? तो सांग.

धाकटी : जाऊ दे ना. चल, घरी जाऊ.

ताई : बाहेर सगळ्या तुझ्याकडे पार्टी मागतायत. वॉर्डाची इन्चार्ज झालीस. मला मेलीला निदान शब्द तरी कळू दे.

धाकटी : कमांडिंग म्हणाल्या.

ताई : कमांडिंग! तू? झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारणारी?

धाकटी : मी थोडंच मागितलं होतं?

ताई : आणि ऑथॉरिटी. तेही म्हणाल्या ना? ‘हिच्या आवाजात ऑथॉरिटी आहे.’

धाकटी : तू ऐकलंस?

ताई : दाराशीच होते मी. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्याबद्दलचंही ऐकलं. बॉसी. पुढे डॉमिनेटिंग. एवढं इंग्रजी मलाही येतं हो.

धाकटी : ताई, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

ताई : मग कसं म्हणायचं होतं? परवा वॉर्डातल्या एसीनं पेट घेतला, सगळीकडे धूर. तो नवा डॉक्टर दारात पुतळ्यासारखा उभा. मी म्हटलं, ‘बघताय काय? बेड धरा!’ तर मी बॉसी. तू त्याला म्हणालीस, ‘डॉक्टर, तुम्ही ही बाजू घ्या,’ तर तू कमांडिंग. काम एकच ना गं? बेडच ओढायला सांगितला ना दोघींनी?

धाकटी : तू त्यांच्या अंगावर ओरडलीस. पेशंटच्या नातेवाइकांसमोर.

ताई : धुरात काय अंगाई म्हणू?

धाकटी : बाकीच्या पोरी तुला घाबरतात. तू आत आलीस की बोलणं थांबतं त्यांचं.

ताई : त्याला दरारा म्हणतात आपल्याकडे. वचक. बाबांचा होता तेव्हा सगळे कौतुकानं सांगायचे. माझा झाला की लगेच नाक मुरडायचं.

धाकटी : घरीही तेच करतेस तू. मी भाजी कुठली आणायची, केस किती कापायचे, कुणाशी लग्न करायचं नाही...

ताई : तो माणूस बरा नव्हता.

धाकटी : नव्हताच. पण नाही म्हणायचं मला होतं. तेही तूच म्हणून मोकळी झालीस.

ताई : म्हणजे आज सूड उगवलास.

धाकटी : सूड कसला? एक विचारू? खरं सांगशील?

ताई : विचार.

धाकटी : जळतेस ना माझ्यावर?

ताई : ...हो. जळते. सकाळपासून आतून नुसती धगधगतेय. तुझा ॲप्रन नीट केला ना मघाशी, तेव्हा वाटलं, ओरबाडून काढावा. झालं समाधान?

धाकटी : नाही.

ताई : मग रडतेस कशाला? तुला मिळालंय सगळं.

धाकटी : परवा तू ओरडलीस म्हणून सगळे जागचे हलले. मी हळू बोलले, कारण तोवर सगळे कामाला लागले होते. माझ्या आवाजात काही नव्हतं गं. तुझं ओरडणं होतं.

ताई : हे कळत होतं तुला?

धाकटी : तेव्हाच कळलं होतं.

ताई : मग मॅट्रनना का नाही बोललीस?

धाकटी : मला तो शब्द हवा होता.

ताई : काय?

धाकटी : तुझे फ्रॉक मी घातले, तुझी पुस्तकं वापरली, तुझी सायकल. नोकरीलाही इथं तूच चिकटवलंस. पेशंट अजून विचारतात, ‘मोठ्या ताई कुठायत?’ ते कमांडिंग तेवढं पहिल्यांदा कोरं मिळालं मला. तू वापरून झालेलं नव्हतं. नाही सोडवलं.

ताई : (आपली पिशवी भरू लागते.)

धाकटी : बोल ना काहीतरी. शिव्या दे.

ताई : आणखी काहीतरी आहे. तुझा चेहरा मला कळतो. मॅट्रन नंतर दार लावून बराच वेळ बोलत होत्या तुझ्याशी.

धाकटी : उद्या सांगते.

ताई : आत्ता.

धाकटी : त्या म्हणाल्या, तू या वॉर्डात राहिलीस तर कुणी माझं ऐकणार नाही. तुला ओपीडीत हलवायचंय. आणि ते तुला मी सांगायचंय. इन्चार्ज म्हणून.

ताई : तू काय म्हणालीस?

धाकटी : हो म्हणाले.

ताई : लगेच?

धाकटी : थोडं थांबून.

ताई : ...बरं. मग सांग.

धाकटी : सांगितलं की आत्ता.

ताई : ते बहिणीला सांगितलंस, नाक ओढत. नर्सला सांगायचं राहिलंय. डोळे पूस. उभी राहा नीट.

धाकटी : ताई, प्लीज उद्यापासून तू ओपीडीत...

ताई : ‘प्लीज’ काढ त्यातलं.