वरच्या मजल्याचं एस्टिमेट

शालन : ...आन् मुक्ताईचा तो आवाज, बाळा, अजून कानात हाय माझ्या. पायाचा पहिला दगड बसला, तुझी बारावीची परीक्षा नुकती झालेली, आन् तुझ्या आत्यानं घमेलं खाली ठेवून तिथंच ओवी धरली –
‘खाली दगडाचं जोतं, वर विटेचा गं थर,
भाच्या माझ्या, तुझ्यासाठी आभाळाला लागो घर.’
गेली बिचारी. बघायला पायजे होती.

प्रज्ञेश : आई, आभाळाचं नंतर बघू. एकच मजला चढवतोय. आप्पा, पान दोन बघा. एकूण अकरा लाख चाळीस हजार. साडेआठ बँक देतेय, वरचे माझे. हप्ता माझ्या पगारातून. घर तुमच्या नावावर, म्हणून फक्त सही हवीय.

रामदास : फरशीला एक लाख दहा?

प्रज्ञेश : व्हिट्रिफाइड आहे.

रामदास : असंल. तिच्यावर चालायचंच ना, का आरसा म्हणून भांग पाडायचा?

शालन : अहो, जरा आनंदानं बघा की.

रामदास : आन् हे? मॉड्युलर किचन, नव्वद हजार. भाकरी आपोआप फुगती का त्यात?

प्रज्ञेश : चैतालीला वाकावं लागणार नाही, एवढं पुरे. सातवा महिना लागलाय तिला. बाळ घेऊन माहेराहून या दोन खोल्यांत ती परत येणार नाही, आणि मी तिला ये म्हणणारही नाही. वरचा मजला झाला तर इथं, नाही तर वाकडला फ्लॅट. दिवाळीपासून सांगतोय.

रामदास : मग घे की वाकडला. हिंजवडी जवळ पडंल.

शालन : तोंड आवरा! एकुलता एक लेक, त्याला घालवताय?

रामदास : घालवत न्हाई. सोय सांगतोय.

प्रज्ञेश : ऐकलंस? फरशी महाग, कॉन्ट्रॅक्टर चोर, बँक त्याहून चोर. गेल्या महिन्यात तर वास्तुदोष काढला यांनी! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वास्तुदोष!

शालन : विहारातल्या बायकांना सांगितलं तर पोट धरून हसल्या.

रामदास : हसू दे.

शालन : चाळीस वर्सं लोकांचे बंगले बांधलेत. बाणेरात, कोथरूडात. तुमच्या मागं मी डोईवर घमेलं घेऊन पाच-पाच मजले चढले. अन् आपल्या घरावर एक मजला म्हटलं की कपाळाला आठ्या.

प्रज्ञेश : मला कारण माहितेय. घरात गवंडी असताना मी बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर आणला. मुलानं बांधलेलं यांना खपत नाही. यांच्या हातचं तेवढं घर, बाकी सगळे पत्त्यांचे बंगले!

रामदास : तसं म्हण. तसंच म्हण तू.

प्रज्ञेश : तसंच म्हणतो. करा सही. शनिवारी बँकेचा इंजिनिअर येतोय, खांब तपासायला.

रामदास : शनिवारी?

प्रज्ञेश : फॉर्मॅलिटी आहे. चारी खांबांच्या सळया गच्चीवर उभ्याच आहेत, त्यांनाच जोडून काम वर न्यायचं.

रामदास : त्याला येऊ नको म्हण.

प्रज्ञेश : का पण? काय बिघडवलंय मी तुमचं?

(रामदास चष्मा काढून कागदांवर ठेवतो.)

रामदास : शालन, खांब भरले तवा तुला सासवडला बहिणीकडं धाडली होती. आठवतं?

शालन : न आठवायला काय? ‘दमलीस, चार दिवस आराम कर’ म्हणालात. जन्मात पहिल्यांदाच.

रामदास : सळई दारात उतरली होती. त्याच आठवड्यात याच्या कॉलेजचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत फी भरा, न्हाईतर जागा गेली. दुकानदाराच्या हातापाया पडून टेम्पो माघारी धाडला.

प्रज्ञेश : फीला मुकादमानं उचल दिली, असं सांगितलं होतंत.

रामदास : मुकादम कशाला देतोय? स्लॅबपुरती सळई ठेवली. खांब नुसत्या काँक्रीटचे. हाय तेवढं पेलतात. वर वीट चढली की बसतील.

शालन : अहो, मग गच्चीवर दिसतात त्या?

रामदास : तुकडे. हातहातभर, वरनं खोचलेले. हा कॉलेजातनं आला की तिथं पुस्तक घेऊन बसायचा, अन् वर बघत म्हणायचा, आप्पा, माझी खोली इथं. त्याला बघायला कायतरी पायजे होतं.