वरच्या सज्जातला मालक

फानबाई : आमच्या चिरंजीवांची अक्कल बघा, लू कारागीर! बापाचे पाय गेलेले, आणि थडग्यात ठेवायच्या मातीच्या मनोऱ्यातही त्यांना जिना चढवून बसवलाय.

लू : सगळ्यांना असेच मनोरे करून देतो मी, मालकीणबाई. खाली अंगणात ढोलवाला, चेंडू झेलणारा, लांब बाह्यांची नाचणारी. मालक वरच्या सज्जात. तीच मानाची जागा.

फानबाई : मान कसला! घरीही वरच कोंडलं होतं त्यांना. खाली खेळ रंगायचा, आणि वर हे काठी आपटत बसायचे, मला खाली न्या म्हणून.

लू : मग नेलं नाही कुणी?

फानबाई : त्यालाच विचारा. आला बघा.

बोयान : आई, तू अजून इथंच? उद्या बाबांना पुरायचंय, बाहेर गाडी खोळंबलीय. कारागीर, मनोरा गवतात गुंडाळा.

फानबाई : बापाला खाली का नेत नव्हतास, ते सांग आधी यांना.

बोयान : पुन्हा तेच! अंमलदार यायचे गं जेवायला. बाबांची लाळ गळायची, राळ्याची पेज अंगावर सांडायची. म्हटलं, जरा बरे झाले की नेऊ.

फानबाई : झाले की बरे. कायमचे.

बोयान : म्हणून तर एवढा उंच मनोरा करून घेतला. मला काही वाटतच नाही का, आई?

फानबाई : वाटतं ना? मग त्यांना खाली आण. लू, काढा त्यांना तिथून.

लू : मूर्ती सज्जासकट भाजलीय, बाई. छिन्नी लावली तर पाय तुटतील. नाचणारे सुटे आहेत, त्यांनाच वर ठेवू का?

फानबाई : एवढ्याशा सज्जात नाचतील कुठं? तुटू देत पाय. तसंही चालत कुठं होते ते! ढोलवाल्याला टेकवून बसवा.

बोयान : नको, आई! उद्या झाडून सगळे पाहुणे बघणार. पोरानं बापाला मोडका पुरला म्हणतील.

लू : मालक, काय करू?

(बाहेर बैल फुरफुरतो.)

बोयान : गुंडाळा.

फानबाई : तू वाईट नाहीस रे, बोयान. तू पाहुण्यांचा मुलगा झालास, एवढंच. त्यांना मात्र कधी काही कमी पडू दिलं नाहीस.