थोरलीचा हॉटस्पॉट, धाकटीची मुलाखत

सन्माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरच्या प्रशिक्षण विभागाच्या बाई, आजच्या सत्कारमूर्ती, बाहेरून आलेले पाहुणे आणि ग्राहकांच्या शिव्यांतून घटकाभर सुटलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सत्कारमूर्ती माझी सख्खी धाकटी जाऊ. घरी आमचा ओटा एक, इथे टेबल एक. म्हणून निरोपाचे चार गोड शब्द मीच बोलावेत असं साहेबांना वाटलं. साहेब, तुम्हाला माणसांची पारख आहे; जावांची नाही.

खरं सांगू? माझा नुसता जळफळाट होतोय. का होऊ नये? ज्या मोठ्या कंपनीत ही निघाली, तिथे मीही अर्ज केला होता. हिच्या आधी! हिला "तूही कर गं" म्हणणारी शहाणी मीच.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपली कंपनी स्वस्तातली. स्वतःचे टॉवर नाहीत, त्या मोठ्या कंपनीचेच भाड्याने वापरतो. टॉवर मोकळा असला की आपलं नेटही छान पळतं. संध्याकाळी गर्दी झाली की मात्र आधी मालकाचे ग्राहक, उरलंसुरलं आपल्याला. आपण फोनवर "बंद करून पुन्हा चालू करा" म्हणतो, ते आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून. हे सगळं आमच्या या जाऊबाईंना पहिल्या दिवशी कुणी समजावलं? मीच!

माझी मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. सुट्टी वाया जायला नको म्हणून मी वेळ मागितली संध्याकाळी सातची. बघा, दिवसभर लोकांना अक्कल शिकवणारी मी! त्यात आमचं अख्खं घर माझ्या हॉटस्पॉटवर. थोरल्या सुनेचा तेवढाच काय तो मान. आत सासूबाईंची मालिका, बाहेर ह्यांची मॅच, आणि मधल्या खोलीत नवी साडी नेसून मी.

समोरच्यांनी विचारलं, "एकाच टॉवरवर तुमचा ग्राहक मागे का पडतो?" अहो, हा तर माझ्या हातचा मळ! मी हातवारे करकरून असं काही समजावलं म्हणता! सगळं सांगून झाल्यावर तिकडून आवाज आला, "मॅडम, तुमचं चित्र मघाशीच थांबलंय. आवाजही नाही." आणि थांबलं कसं होतं? तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. हसा, हसा. मी हसले नव्हते.

दोन दिवसांनी हिची मुलाखत. हिच्या फोनचा कॅमेरा फुटलेला, म्हणून फोन माझा. "दुपारची वेळ माग," हेही मीच सांगितलं. हॉटस्पॉट बंद केला. सासूबाई कुरकुरल्या, "अगं, कालचा भाग बघायचा राहिलाय माझा!" म्हटलं, "आई, आज नाही," आणि दाराशी खुर्ची टाकून राखणीला बसले. आतून तोच प्रश्न ऐकू आला. उत्तरही माझंच, शब्दन्‌शब्द. फरक एवढाच, की हिचं समोर पोचलं.

काल हिला नव्या कंपनीचं सिम मिळालं. संध्याकाळी सातला, त्याच टॉवरवर, सुसाट! सासूबाई लगेच पक्ष बदलून म्हणाल्या, "धाकटीचं बघ कसं पळतंय!" मी पातेलं जरा जोरात ठेवलं, एवढंच.

आता मुद्द्याचं. त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलंय. सोमवारी. दुपार मागितली, मिळाली नाही. संध्याकाळी सातच. परत तेच झालं तर तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. हिच्याकडे काही मागायचं नाही असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण माझ्या सिमवर सातला काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून, अगं ए, इकडे बघ. सोमवारी सातला तुझा हॉटस्पॉट मला दे. सासूबाईंची मालिका तू बंद कर आणि दाराशी तू बस. नुसती मान नको हलवूस, तोंडाने सांग.

"हो ताई" म्हणाली. ऐकलंत ना सगळ्यांनी? अध्यक्ष साहेब, तुम्ही साक्षीला आहात.

एवढा वेळ माझी बडबड सोसलीत, आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात सत्कारमूर्तींचं कौतुक करायचं तेवढं राहिलं, ही चूक पदरात घ्या. ते मी सोमवारनंतर करीन. आज मनापासून जमणार नाही.