एकटीची मैफल

उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या नाट्यगृहात मध्यंतर झालं आणि मोहिरा चहाच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढेच आजची गायिका गुलचेहरा हिचे गुरू, म्हातारे तुरदीअली उस्ताद, बायकोपुढे तणतणत होते.

“अकरा वर्षं गुलचेहराला आपल्या जुन्या शास्त्रीय मकामाची शुद्ध गायकी शिकवली! आणि आज काय? मकामानंतर ऑपेरा, त्यावर सॅक्सोफोन! पुलावात खरबूज चिरून घातलंय नुसतं!”

“टाळ्या तर तुम्हीही वाजवल्यात.”

“मकामाला वाजवल्या. आता म्हणे वाद्यांशिवाय, तोंडापुढे ताटली धरून आवाज घुमवत ‘मोठं गाणं’ गाणार. अगं, ते पुरुषांचं गाणं! हिला ताटली दिली कुणी?”

“मी.”

“तू?”

“तुम्ही बैठकीत पोरांना मोठं गाणं शिकवायचात. मी आत ताटल्या घासताना तेच गायचे. गुलचेहरा पाणी प्यायला यायची, ती तासभर परतायचीच नाही.”

“आणि मला कधी ऐकू आलं नाही?”

“तुम्ही स्वयंपाकघरात कधी आलात?”

“बरं, शिकवलंस. पण मोठं गाणं एकटीनं होत नाही. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं उठून उत्तर द्यायचं. इथला एकही गवई उठणार नाही. मी बजावलंय सगळ्यांना.”

“ठाऊक आहे मला.”

“मग उत्तर देणार कोण?”

घंटा वाजली. म्हातारीनं पिशवीतून निळ्या फुलांची ताटली काढली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नीट पुसली.

“पिशवी धरा जरा.”